बावीस नंबरची गाडी

सोमवार, ९ नोव्हेंबर २००९

प्रिय रोवेना,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र न फोडताच शेगडीत टाकायचं तू ठरवलं असशील. पण हे वाक्य तू वाचते आहेस, म्हणजे एकतर तुझा विचार बदलला किंवा माझं अक्षर बदललं. अक्षर बदललंय हे मला माहीत आहे. फळ्यावर सरळ रेषेत लिहिणारा हात आता कागदाच्या उजव्या टोकाला पोचेपर्यंत उतरणीला लागतो.

सप्टेंबरात डॉक्टरांनी माझे डोळे तपासले. म्हणाले, "मिस्टर प्रुएट, समोरचं अक्षर वाचा." मी म्हटलं, "कुठलं अक्षर?" एवढ्यावर माझं लायसन्स गेलं. पिकअपची किल्ली व्हर्नानं खिशात टाकली. व्हर्ना स्टुकेल अजूनही आपलं टपाल आणते, मंगळवारी आणि शुक्रवारी, त्याच लाल जीपमधून. लुई चार वर्षांपूर्वी गेला. तिचा नवरा म्हणून नव्हे, तर जिल्ह्याचा बर्फ सारणारा ट्रक चालवणारा म्हणून तू त्याला जास्त ओळखायचीस. आता त्या ट्रकवर जो आहे तो शाळेच्या वळणापर्यंतच येतो. तिथून आपल्या घरापर्यंतचे सात मैल हिवाळ्यात कुणी साफ करत नाही, कारण त्या सात मैलांवर आता मी एकटाच राहतो आणि एका माणसासाठी डिझेल जाळणं जिल्ह्याला परवडत नाही.

तेव्हा गोष्ट अशी आहे. रॉक स्प्रिंग्जमधल्या वृद्धांच्या घरात व्हर्नानं माझ्यासाठी एक खाट धरून ठेवली आहे, पाच डिसेंबरपर्यंत. मी जाऊन बघून आलो. खिडकी आहे, पण समोर शेजारच्या इमारतीची भिंत. ऐंशी मैल लांब बघत आयुष्य काढलेल्या माणसाला आठ फुटांवरची भिंत. माझ्या शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ दिवसभर दार उघडतंय का ते बघत बसतात. मला तिथं श्वास घेता आला नाही, पोरी.

तुझ्याकडे एक खोली असेल का? एप्रिलपर्यंत. माझं खाणं फारसं नाही, आणि मी हल्ली कविता मनातल्या मनात म्हणतो.

त्या जानेवारीतल्या संध्याकाळबद्दल तुझ्या मनात काय आहे ते मला ठाऊक आहे. तेव्हाही सांगितलं होतं, आजही सांगतो: त्या वाऱ्यात मला माझ्याच गाडीचं नाक दिसत नव्हतं. रस्त्यात कुणी उभं होतं की नाही, हे मी कसं सांगू?

उत्तर पाठव. मंगळवारी किंवा शुक्रवारी पोचेल असं.

तुझा
बाबा


सोमवार, १६ नोव्हेंबर

प्रिय रोवेना,

शुक्रवारी व्हर्ना आली ती बी-बियाण्यांचा कॅटलॉग आणि विजेचं बिल घेऊन. मी फाटकापर्यंत चालत गेलो होतो. ती जीपच्या काचेतून म्हणाली, "मास्तर, मला बघून असा चेहरा लुईनंसुद्धा कधी पाडला नव्हता."

"तिचं काही नाही?"

"नाही. पण माझ्याकडे अक्रोडाची पोटिका आहे. पत्र खाता येत नाही, ही येते."

तिच्या आजीनं स्लोव्हेनियाहून आणलेली ती गुंडाळलेली गोड पोळी. तुला आवडायची, कडेचा करपलेला भागसुद्धा. मी अर्धी खाल्ली आणि अर्धी, का कोण जाणे, डब्यात ठेवली.

बर्फ अजून आलेलं नाही. वारा आहे. वाळलेली सेजची झुडपं कुंपणाला येऊन चिकटतात आणि तिथंच राहतात. काल दुपारी मी टेकाडावर बसून आपलं खोरं बघत होतो. आठवतं, शाळेत नकाशा काढताना मी तुम्हाला काय सांगायचो? या देशाच्या पाठीचा कणा आपल्या दक्षिणेला येऊन दुभंगतो, दोन्ही बाजूंनी आपल्याला वेढतो आणि उत्तरेला पुन्हा एक होतो. कण्याच्या पूर्वेला पडलेला थेंब पूर्वेच्या समुद्राला जातो, पश्चिमेला पडलेला पश्चिमेच्या. आणि आपल्या खोऱ्यात पडलेला कुठेच जात नाही. तू हात वर करून विचारलं होतंस, "मग तो करतो काय?" मी म्हटलं होतं, "वाट बघतो आणि उडून जातो." वर्ग हसला होता. तू हसली नव्हतीस.

शाळा आता नुसती उभी आहे. दाराला साखळी. पण आत शिरल्यासारखं करून मी डोळे मिटले की नऊ बाकं भरतात आणि तुमचे आवाज येतात. माझी ती जिल्ह्यांची कविता. चांगली नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं, पण तेवीस जिल्हे नंबरासकट पाठ व्हायला तिच्याइतकी चांगली दुसरी नव्हती:

एक नाट्रोना, दोन लॅरमी, तीन शेरिडन थंडगार,
चार स्वीटवॉटर – नाव गोड अन् पाणी मात्र खारं फार;
पाच ऑल्बनी, सहा कार्बन, सात गोशेन पीक डुले,
आठ प्लॅटच्या काठावरती नवाच्या शिंगांची फुलं...

नवव्या जिल्ह्याच्या नावात मोठं शिंग आहे खरं, पण शिंगांना फुलं कुठली, म्हणून तू माझ्याशी भांडली होतीस. आणि लॅरमी गाव लॅरमी जिल्ह्यात का नाही, म्हणूनही. मी काय सांगणार, पोरी? ज्यांनी हे राज्य पट्टीनं आखलं, चार सरळ रेषा मारून भिंतीवरच्या चौकटीसारखं, त्यांनी आत काय कुठं पडतंय ते बघितलंच नाही.

आणि सुट्टीतला तो खेळ. मोठ्या रस्त्यावरच्या कुंपणावर तुम्ही चिमण्यांसारखे बसायचात आणि येणाऱ्या गाडीच्या पाटीवरचा पहिला आकडा, म्हणजे जिल्ह्याचा, ओरडायचात. आकडा आधी, मग उधळलेल्या घोड्याचं चित्र, मग बाकीचा नंबर. सहा आला तर काही नाही, दहा आला तर पेपरमिंट. चौदा म्हणजे नायोब्रारा, जिथं माणसंच नाहीत, ती गाडी दिसली तर सगळ्या शाळेला सुट्टी. तू आठ वर्षांची होतीस. "चौदा" म्हणून किंचाळलीस, आणि मी म्हटलं, खोटं बोलू नकोस. पण मग मलाही दिसली, पाव मैलावरून. मला तेव्हा पाव मैलावरून पाटी वाचता यायची, ऊन असो नाहीतर उडतं बर्फ. मी घंटा वाजवली. नऊ मुलं ओरडत माळावर पांगली. नायोब्राराचा तो बिचारा माणूस गाडी थांबवून विचारायला आला, आग कुठं लागली म्हणून.

तू कुठल्या नंबरची झालीस, हे मी मनात म्हणत नाही. चारातून बावीसात जायला मधे फक्त तेवीस लागतो. अडीच-तीन तासांचा रस्ता. एकोणीस वर्षांत तो मी एकदाही ओलांडला नाही. तूही नाहीस.

खोलीबद्दल काही ठरलं का?

बाबा


मंगळवार, २४ नोव्हेंबर

प्रिय रोवेना,

तुझं कार्ड आज आलं. व्हर्ना स्वैपाकघरात बसून कॉफी पिते आहे आणि हे पत्र बरोबर घेऊनच जाईन म्हणते, म्हणून घाईत लिहितो.

कार्डावर तुमच्या चौकातली सांबराच्या शिंगांची कमान आहे. मागे एकच ओळ: "बाबा, त्या गाडीवर नंबर काय होता?" सही नाही.

व्हर्नानं वाचलं होतं. मी म्हटलं, दुसऱ्याचं टपाल वाचतेस? ती म्हणाली, "कार्ड आहे, मास्तर. वाचू नये असं तिला वाटलं असतं तर तिनं पाकिटाला खर्च केला असता."

तुला या नंबरांचा इतिहास ठाऊक आहे का, मी शिकवला होता की नाही, आठवत नाही. १९३० साली ज्या जिल्ह्यात मालमत्ता जास्त त्याला पहिला नंबर, अशी ती उतरंड लावली. म्हणून तेलाच्या जोरावर नाट्रोना एक. आणि टीटन बावीस, म्हणजे शेवटून दुसरा. भिकार डोंगर, कुणाला नकोत. आज त्याच डोंगरात लोक विमानानं येतात आणि आपण अख्ख्या माळाला देतो त्याहून जास्त पैसे एका झोपडीला देतात. तरी नंबर बावीसच. एकदा पाटीवर आकडा लागला की लागला.

व्हर्ना म्हणते, "तिनं इतिहास विचारलेला नाही."

एकोणीस वर्षं झाली, रोवेना. माणसाच्या डोक्यात किती नंबर राहणार? मला आठवत नाही.

व्हर्नानं आणखी काहीतरी सांगितलं, लुईनं तिला सांगितलेलं. ते आज लिहीत नाही. आकाश खाली आलंय.

बाबा


गुरुवार, २६ नोव्हेंबर

प्रिय रोवेना,

आज आभार मानायचा सण, सगळ्या देशात टर्की कापतात. मी शेंगांचा डबा उघडला. व्हर्ना मला तिच्या लेकाकडे न्यायला तयार होती. मी पाय दुखतो म्हणून सांगितलं. पाय दुखत नाही. मला हे पत्र लिहायचं होतं, आणि ते माणसांत बसून लिहिता आलं नसतं.

परवाचं पत्र फाडून टाक. त्यात एक वाक्य खोटं आहे. पहिल्या पत्रातही एक खोटं आहे. मधल्या पत्रात मी नकळत खरं लिहून गेलो आणि तू ते बरोबर पकडलंस. चांगल्या मास्तरची पोर आहेस.

बावीस, घोडा, आठशे सतरा.

शुक्रवार होता, १२ जानेवारी. वाऱ्यामुळे मी शाळा तीनलाच सोडली होती. तू आदल्या दिवसापासून घरी होतीस, ताप म्हणून. ताप नव्हता, हे मला ठाऊक होतं. तू लोकरीचा निळा झगा इस्त्री करून ठेवला होतास. डेल येणार आहे, हे तू मला सांगितलं नव्हतंस, पण कुठलाही बाप खुंटीवरचा झगा वाचू शकतो.

उडतं बर्फ अडवायला रस्त्यालगत उभारलेल्या तिसऱ्या हिमकुंपणापाशी ती गाडी रस्त्याच्या कडेला तिरकी रुतलेली होती. बर्फ जमिनीलगत सरपटत होतं. वर आकाश चक्क निळं होतं. तुला मी सांगितलं त्यातलं काहीच नव्हतं. पाव मैलावरून मला पाटी दिसली. जवळ गेलो तेव्हा तो दिसला, गाडीला टेकून उभा, साध्या बुटांत. त्यानं हात वर केला. मदतीसाठी हलवतात तसा नाही. ओळखीच्या माणसाला करतात तसा. येणारा थांबणार, याबद्दल त्याला शंकाच नव्हती.

आणि का असावी? या मुलखात ज्याच्याशी कोर्टात भांडण चालू आहे त्याच्यासाठीही माणूस थांबतो. ज्यानं तुमची गुरं पळवली त्याच्यासाठीही थांबतो, दोर बांधून त्याला ओढून काढतो आणि मग शिव्या देतो. न थांबलेला माणूस मी ऐकलेला नाही. तुम्हा मुलांना पहिल्या इयत्तेच्या आधी मी तेच शिकवलं होतं. आकडा कुठलाही असो, थांबायचं.

मी वेग कमी केला. ब्रेकवर पाय ठेवला. मग उचलला.

मी तुला सांगत होतो की तो डोंगरातला उनाड पोरगा आहे, टोकाच्या तारेवर लोंबकळत स्कीवाल्यांना डोंगरावर नेणारे पाळणे दुरुस्त करणारा, त्याच्या हाती तुला कसं देऊ. ते निमित्त होतं. तुझी आई जाऊन दोन वर्षं झाली होती. शाळा पुढे तू चालवशील असं मी धरून चाललो होतो, आणि संध्याकाळी तू समोर बसशील, मी कविता वाचीन, तू त्यातलं 'शिंगांची फुलं' काढून हसशील, असं. तो तुला कण्याच्या पलीकडे घेऊन जाणार होता. मी इथल्या थेंबासारखा राहणार होतो. त्या एका क्षणात, ब्रेकवर पाय असताना, मला वाटलं, बसू दे थोडा वेळ थंडीत. वाऱ्याला घाबरून परत फिरेल. कुणी ना कुणी येईलच त्याला काढायला.

त्या रस्त्यावर कुणी येणार नव्हतं. त्या रस्त्यावर आपणच होतो.

घरी आलो. तू एल्क हरणाचा रस्सा गरम केलास. खिडकीशी उभी राहून विचारलंस, "बाबा, रस्त्यात कुणी दिसलं?" मी हात धुत होतो. पाठ तुझ्याकडे होती. म्हटलं, "कोण दिसणार या वाऱ्यात?" मग मी जेवलो. दोन वाट्या रस्सा खाल्ला, रोवेना. मग तुला एक कविता वाचून दाखवली, चिमणीच्या घरट्याची. तू ऐकत नव्हतीस. मी शेवटच्या कडव्यापर्यंत वाचली.

सातला लुईचा ट्रक दारात आला आणि त्यात डेल होता. तो आपल्या दिव्याच्या दिशेनं चालत निघाला होता. पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. डाव्या पायाची चार बोटं, हाताची दोन. पुन्हा तो तारेवर चढला नाही. तू त्याच्याबरोबर त्या ट्रकमध्ये बसलीस ती कपडे न्यायलासुद्धा आली नाहीस. निळा झगा अजून खुंटीवर आहे.

आता व्हर्नानं सांगितलेलं. लुईच्या ट्रकमध्ये तो पोरगा एकच शब्द बडबडत होता. "चार, चार." लुईला वाटलं, बोटं मोजतोय. नंतर दवाखान्यात पायाची बोटं खरंच चार गेली, तेव्हा तो शब्द लुईच्या अंगावर आला. मग एका रात्री झोपेतून उठून तो व्हर्नाला म्हणाला, "अगं, तो बोटं मोजत नव्हता. त्यानं पाटी वाचली होती."

म्हणजे त्यानंही माझ्या गाडीची पाटी वाचली. पुढचे आकडे बर्फानं लिंपले असतील. चार तेवढा दिसला. या जिल्ह्यातली प्रत्येक गाडी चार. त्यानं तुला एवढंच सांगितलं असणार, आणि तू इतकी वर्षं त्या एका आकड्यापुढे बाकीचा नंबर जोडत बसली असणार. व्हर्ना एकोणीस वर्षं मला पत्रं आणून देत होती, पोटिका देत होती, आणि तिला ठाऊक होतं. मी विचारलं, "बोलली का नाहीस?" म्हणाली, "मास्तर, उत्तर तुमच्याकडे होतं. मी मधेच सांगितलं असतं तर तुम्ही मला कोपऱ्यात उभं केलं असतं." मग कॉफीचा कप विसळता विसळता म्हणाली, "आणि लुई म्हणायचा, त्या म्हाताऱ्याला कुणीतरी रुतलेलं काढलं पाहिजे. पण ज्याला वाटतं आपण रस्त्यावरच आहोत, त्याला काढणार कसं?"

खोलीचं मी आता मागत नाही. ते पहिल्या पत्रातलं मागणं मागे घेतो. खरं सांगून बदल्यात उबदार खोली मिळवली, असं व्हायला नको. मी व्हर्नाला सांगितलं आहे, शुक्रवारी, चार डिसेंबरला, मी तिच्याबरोबर रॉक स्प्रिंग्जला जातो. भिंतीकडे बघायला शिकेन. तसाही त्या क्षणापासून मी कुठे गेलो आहे? पाय ब्रेकवरून उचलला तेव्हाचा तिथंच बसून आहे, तिसऱ्या हिमकुंपणापाशी, गाडी चालू ठेवून.

डेलला सांग. किंवा हे वाचायला दे. माफीचा शब्द मी लिहीत नाही, कारण तो लिहायला सोपा आहे.

एल्डन प्रुएट


गुरुवार, ३ डिसेंबर, दुपार

रोवेना,

हे टपालात टाकायचं पत्र नाही. टेबलावर मिठाच्या डबीखाली ठेवतो आहे.

सोमवारपासून बर्फ पडलं. वाऱ्यानं निम्मा रस्ता उघडा केला आणि निम्म्यावर ढीग लावले. पेटी भरून दाराशी ठेवली आहे: दोन शर्ट, तुझ्या आईचा फोटो, जिल्ह्यांचा नकाशा. व्हर्ना उद्या येणार.

आत्ता खिडकीतून बघतो तर फाटकाबाहेर, गुरं अडवायच्या लोखंडी जाळीच्या अलीकडे, एक गाडी ढिगात रुतली आहे. व्हर्नाची नाही, तिची लाल, ही काळपट. पाव मैल असेल. कुणीतरी उतरलं आहे आणि गाडीभोवती फिरतं आहे. चाल जरा लंगडी वाटते, पण बर्फात सगळेच लंगडतात. बाजूला आणखी एक जण असेल, किंवा ते गाडीचं उघडं दार असेल.

दुर्बीण खुंटीवर आहे, निळ्या झग्याच्या शेजारी. मी हात पुढे केला होता. मग परत घेतला.

फावडं दाराशी आहे. दोर आणि घोंगडी घेतली आहे. व्हर्नाला कळलं तर ओरडेल, या वयात आणि या डोळ्यांनी म्हणून. तिला सांग, रस्ता सरळ आहे आणि मी तो पाठ केला आहे. कॉफी शेगडीवर ठेवली आहे, चार कपांची. पोटिका डब्यात आहे, करपलेली कड तशीच ठेवली आहे. जो कुणी आधी आत येईल त्यानं ओतून घ्यावी.

गाडीची पाटी बर्फानं झाकली असेल. आकडा दिसत नाही. मी निघतो.

बाबा